हिश्श्याचे थेंब

आमच्या घरात मी भासऱ्यांशी बोलत नसे. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यापुढं धाकट्या सुनेनं तोंड उघडायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आमच्या इंझोरी गावात घरोघरी ती पाळत, पण घरोघरी माझ्यासारखी बडबडी सून नव्हती. बावीस वर्षं मी भासऱ्यांच्या, म्हणजे माणिकरावांच्या, घरात भाकरी थापल्या आणि त्यांना ‘वाढू का?’ एवढंसुद्धा कधी विचारलं नाही. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायचं, नाहीतर गोठ्यातल्या गाईला. ‘काय वं गंगे, घरातलं मीठ सरलं, कोणाले पत्ताच नाई.’ असं म्हटलं की भासरे ओसरीवरून उठत आणि मीठ घेऊन येत. गाईशी माझं जेवढं बोलणं झालं तेवढं नवऱ्याशीही झालं नसेल.

एक सूट मात्र होती. मी सातवी पास. भासऱ्यांना सहीपुरतंच येत होतं आणि माझे मालक शालिग्राम कारंज्याला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, ते शनिवारी घरी येत. त्यामुळं पत्र आलं की वाचायचं मीच. भासरे ओसरीवर बसत, मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून मोठ्यानं वाचत असे. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचणं म्हणजे बोलणं नव्हे, असं आमच्या सासूबाईंनी जाण्याआधी ठरवून दिलं होतं. सासूबाई शहाण्या होत्या, त्यांनाही पत्रं ऐकायची असत.

आता डोळ्यांचं सांगते. माझ्या जाऊबाई, म्हणजे भासऱ्यांच्या बायको चतुराबाई, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला लुगडं धड नेसता येत नव्हतं, ते त्यांनी शिकवलं. मला पोर झालं नाही, त्यावरून गावातल्या बायका कुजबुजल्या, तेव्हा त्यांनी विहिरीवर उभं राहून एकेकीचा उद्धार केला होता. त्यांच्या डाव्या डोळ्यानं कमी दिसायला लागलं. मोतीबिंदू आहे, पिकू द्या, पिकला की काढून टाकू, असं सगळ्यांनी सांगितलं. गावात आठ-दहा म्हाताऱ्यांचे असेच काढले होते. आम्हीही दोन वर्षं पिकायची वाट बघितली.

मग मंगरूळपीरला डोळ्यांचं शिबिर लागलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिली, बुबुळावर काहीतरी टेकवून पाहिलं आणि म्हणाले, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. हा पिकत नाही. डोळ्यातलं पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि आतली शीर सुकत जाते. डावा डोळा गेला, उजव्याचीही तीच सुरुवात आहे. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते थेंबांनी राखता येईल. थेंब दिवसातून चार वेळा, एक दिवस चुकवायचा नाही. कसे टाकायचे ते त्यांनी मलाच शिकवलं, कारण पदराआडून का होईना, प्रश्न विचारणारी तिथं मी एकटीच होते.

त्या दिवसापासून सकाळ, दुपार, दिवेलागण आणि निजण्याआधी असे चार वेळा मी जाऊबाईंच्या डोळ्यात थेंब टाकू लागले. थेंब पडला की कपाळ ठणकायचं आणि तासभर सगळं अंधारल्यासारखं दिसायचं. त्या मला शिव्या द्यायच्या. ‘मागल्या जल्मी तू माही सासू होतीस काय वं?’ म्हणायच्या. बाटली अकोल्याहून कारंज्याला येई आणि शालिग्राम ती दर पंधरा दिवसांनी घेऊन येत.

हा रोग मोठा लबाड आहे. जाऊबाईंना समोरचं लख्ख दिसायचं. तांदळातला खडा त्या माझ्याआधी टिपायच्या, सुई ओवायच्या. पण बाजूचं दिसायचं नाही. दारातून जाताना खांदा चौकटीला लागायचा, पायाखाली कोंबडी यायची. भासरे म्हणत, ‘सुई ओवते अन म्हने डोया चालला!’ त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. डाव्या डोळ्याचं कळलं त्या रात्री ते जेवले नव्हते. पण जे दिसत नाही त्याच्यावर त्यांचा विश्वास बसत नसे.

चौऱ्याहत्तरची दिवाळी झाली आणि उदयसिंग सर गावात आले. अकोल्याच्या कॉलेजात रसायन शिकवायचे. आईचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेले, म्हणून नोकरी सोडली आणि पत्र्याच्या शेडमध्ये औषधाची कंपनी काढली. नवा थेंब काढायचा होता त्यांना, सकाळ-संध्याकाळ दोनदाच टाकायचा, कपाळ न दुखणारा. शिबिराच्या वहीतून काचबिंदूच्या रोग्यांची नावं घेऊन ते गावोगाव फिरत होते. कुणी दहा रुपयांचा एक शेअर घेई, कुणी चहा पाजून वाटेला लावी.

आमच्या ओसरीवर त्यांनी सगळं खरं सांगितलं, हे मी शपथेवर सांगेन. दाराआड मीच उभी होते. अजून सशांवर प्रयोग चालू आहेत, दोन-तीन वर्षं लागतील, कदाचित काहीच हाती लागणार नाही आणि पैसे बुडतील, असं त्यांनी दोनदा बजावलं. भासरे हसले. ‘पेरलं का उगवतेच असं नाई, हे आमालेच सांगून राह्यले का सर?’ म्हणाले. विहीर खोल करायला ठेवलेले चार हजार रुपये त्यांनी आतून आणवले आणि सरांच्या पुढ्यात ठेवले. सरांचेच डोळे भरून आले. मला विहिरीचं वाईट वाटलं, कारण उन्हाळ्यात तिचा तळ दिसे आणि पाणी मळ्यातून डोक्यावर आणावं लागे. माझ्या डोक्यावर, कंपनीच्या नव्हे.

ती कंपनी पुढं चार वर्षांनी बंद पडली. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच वाट बघणार नाही.

शेअरचा जाड कागद आला. भासऱ्यांनी त्याला हळद-कुंकू लावलं आणि सातबाऱ्याच्या कागदांत ठेवला. आणि त्या दिवसापासून ते त्या कंपनीकडं बटईच्या वावरासारखं पाहू लागले. आमची सहा एकर जमीन ग्यानबा बटईनं करायचा. बी-बियाणं अर्धं आमचं, मेहनत त्याची, पीक निम्मं-निम्मं. भासरे आठवड्यातून एकदा तिथं चक्कर मारत, तसे आता महिन्यातून एकदा अकोल्याला चक्कर मारू लागले. जाताना सशांसाठी हरभऱ्याचे डहाळे नेत. यष्टीच्या कंडक्टरनं पेंढीचं तिकीट मागितलं म्हणून एकदा कारंज्याच्या स्टँडवर भांडण झालं होतं. ‘माह्या कंपनीच्या जनावराले चारा घेऊन जाऊन राह्यलो,’ असं भासरे त्याला सांगत होते.

चैत्रात ते अकोल्याहून आले ते फार खुशीत. सरांनी त्यांना एक बोटभर शिशी उजेडात धरून दाखवली होती, आत पाण्यासारखं औषध. ओसरीवर बसून ते जाऊबाईंना म्हणाले, ‘कणसं भरली पाय. आता सोंगनीच बाकी हाय. आपल्या हिश्श्याचे थेंब घरी आले का मंग पाह्यजो.’

मी आत चूल फुंकत होते. माझं लक्ष होतं, पण अर्थ कळला नाही. तो शनिवारी कळला. शालिग्राम बाटली न आणताच आले. विचारलं तर म्हणाले, ‘दादा नाई म्हने. घरचं येऊन राह्यलं तं बजारचं कायले?’

आमच्या घराबाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल, म्हणून सांगते. वावरात पीक उभं असताना बाजारातून धान्य विकत आणणं म्हणजे नाक कापल्यासारखं. भासऱ्यांनी ते जन्मात केलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात अख्ख्या गावानं रेशनची लाल ज्वारी खाल्ली. आम्हीही खाल्ली, पण ती जाऊबाईंच्या माहेरून पाहुणचार म्हणून आली, तेव्हा शिजली. ज्या माणसानं दुष्काळात पोटासाठी बाजार केला नाही, तो डोळ्यासाठी करायचा नव्हता. चार हजारांचा हिस्सा होता त्याचा. हिस्सा आहे म्हणजे माल घरी येणार, आणि माल घरी येणार म्हणजे तोवर थांबायचं. त्यांच्या दृष्टीनं सगळं सरळ होतं. थेंब येईपर्यंत डोळा थांबत नाही, एवढंच काय ते त्यांच्या हिशेबात नव्हतं.

जाऊबाई तर सुटल्यासारख्या झाल्या. कपाळ दुखायचं थांबलं, डोळ्यासमोर उजळ दिसू लागलं. ‘पाय वं विजू, थेंब बंद केले तं डोया चांगला झाला,’ म्हणाल्या. मी त्यांना डॉक्टरच्या बोलण्याची आठवण करून दिली. त्यांनी हात उडवला. मग मी गाईला सांगितलं. चार दिवस सांगितलं, ओरडून सांगितलं. ‘गंगे, डॉक्टर म्हनत होता एक दिवस चुकवू नका, इथं तं महिना झाला!’ भासरे ऐकत आणि बिडी पेटवून बाहेर जात. मिठाचं ते गाईकडून ऐकत होते, पण कंपनीचं ऐकणार नव्हते. शालिग्रामला म्हटलं, तुम्ही गुपचूप आणा. त्यांना घाम फुटला. ‘दादानं नाई म्हटलं,’ एवढंच. माझा नवरा सज्जन माणूस, पण भावापुढं उभा राहिला की त्याच्या पाठीचा कणा कुठं जाई कोण जाणे. मी स्वतः कारंज्याला जाऊन आणावी, तर हातात पैसा कुणाच्या होता?

उन्हाळा गेला. मी मळ्यातून पाणी आणलं आणि पेरण्या पाहिल्या. श्रावणात जाऊबाई शेजारच्या नानीबाईंच्या जवळून निघून गेल्या, ओळखलंच नाही. नानीबाई बाजूला उभ्या होत्या. पोळ्याच्या दिवशी बैलांना ओवाळताना ताट उजवीकडच्या बैलाच्या शिंगावर आदळलं, तांदूळ सांडले. सगळे हसले, त्याही हसल्या. रात्री माझ्याजवळ बसून म्हणाल्या, ‘विजू, खिडकीतून पाह्यल्यावानी दिसते वं आता. खिडकी लहान होऊन राह्यली.’ भासऱ्यांना सांगा, असं मी त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘कायले? त्यायनं माह्यासाठी विहीर खोल कराची सोडली.’ मला त्या रात्री झोप आली नाही. या बाईनं मला आईसारखं सांभाळलं, आणि तिचा डोळा माझ्यासमोर चालला होता, आणि मी तोंड शिवून बसले होते. माझा मलाच राग आला होता.

पोळ्यानंतर आठवड्यानं कंपनीचं पत्र आलं.

भासरे ओसरीवर बसले, जाऊबाई उंबऱ्यात बसल्या, मी दाराआड उभी राहिले. टाइप केलेला एक कागद होता. मी वाचलं, ‘भागधारक बंधूंनो, कळविण्यास आनंद होतो की सशांवरील चाचण्या समाधानकारक झाल्या आहेत. माणसांवरील चाचण्यांची परवानगी मिळून औषध तयार होण्यास अजून किमान दोन वर्षे लागतील. तोपर्यंत ते कोणासही देता येणार नाही. आपला विश्वास कायम असावा ही विनंती.’

‘दोन वर्सं,’ भासरे म्हणाले. बोटांवर हंगाम मोजले. मग म्हणाले, ‘बरं. थांबू.’

पत्र संपलं होतं. खाली सही होती आणि सहीखाली कोरा कागद. मी तो खाली केला नाही. त्याच सुरात, त्याच आवाजात पुढं वाचत गेले. ‘तसेच कळविण्यात येते की ज्या भागधारकांच्या घरी काचबिंदूचा रोगी असेल, त्यांनी कंपनीचे औषध येईपर्यंत बाजारातले थेंब एक दिवसही बंद ठेवू नयेत. ज्यांनी बंद ठेवले असतील त्यांनी ताबडतोब चालू करावेत. डोळाच राहिला नाही तर आमचे औषध काय चुलीत टाकायचे आहे?’

शेवटचं वाक्य कंपनीच्या भाषेत बसलं नाही, हे मला तोंडातून निघताना कळलं. पण निघालं ते निघालं.

मग भासरे जाऊबाईंना म्हणाले, ‘शेवटचं पुन्हा वाचाले सांग तिले.’

मी कोऱ्या कागदाकडं पाहून पुन्हा वाचलं. दुसऱ्या वेळी चूल गाळली. भासऱ्यांनी पत्र मागून घेतलं, उलटसुलट केलं, घडी घालून खिशात ठेवलं. त्याच दुपारी ते स्वतः यष्टीनं कारंज्याला गेले आणि दिवेलागणीला बाटली घेऊन आले. कंपनी सांगते आहे म्हटल्यावर बाजारात जायला त्यांची हरकत नव्हती. मी थेंब टाकला. जाऊबाईंनी मला शिव्या दिल्या, आणि त्या ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी रडले.

दिवाळीनंतर भासरे जाऊबाईंना अकोल्याला घेऊन निघाले, शेडमधली कंपनी दाखवायला. थेंबांसाठी मलाही बरोबर घेतलं. शेडमध्ये औषधाचा उग्र वास होता, पिंजऱ्यांत पांढरे ससे होते. उदयसिंग सरांनी आम्हाला स्टुलांवर बसवलं, चहा मागवला.

भासरे म्हणाले, ‘सर, तुमी पत्रात लिवलं थे लय बरं केलं. आमी तं थेंब बंदच करून ठेवले होते.’

‘काय लिहिलं मी?’ सर म्हणाले.

‘बजारचे थेंब चालू ठेवा म्हून. तुमच्या शिशीची वाट पाहून राह्यलो होतो नं आमी.’

मी सशांकडं पाहत राहिले. सरांनी कप खाली ठेवला. ‘काका, असं मी काही लिहिलं नाही. पण थेंब बंद केले होते? किती दिवस?’

‘चैत्रापासून. पोळ्यापावतर.’

सरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, ‘काका, शेअर घेतला म्हणून तुम्हाला औषध मिळणार असं कोण म्हणालं? तुमचे पैसे औषध निघतं की नाही हे बघायला आहेत. निघालं तरी ते आधी तपासतील, मग दुकानात येईल, आणि तुम्हीही ते दुकानातूनच घ्याल.’

भासऱ्यांना हे समजायला वेळ लागला. मी त्यांच्या हातांकडं पाहत होते. ते गुडघ्यांवर ठेवलेले हात हळूहळू मिटले.

सर लगेच रिक्षानं आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. तपासायला तासभर लागला. डॉक्टरांनी कागदावर एक मोठा गोल काढला, आत रुपयाएवढा लहान गोल काढला आणि म्हणाले, थेंब चालू होते तेव्हा एवढं दिसत असणार, आता एवढं दिसतं. मधल्या पाच महिन्यांत हे गेलं, ते आता येत नाही. आणखी चार महिने गेले असते तर हा लहान गोलही राहिला नसता. पोळ्याला चालू केलेत म्हणून राहिला. आता हा जपा.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर सर म्हणाले, ‘काका, मला वाईट वाटतं. थोडे थोडे करून तुमचे पैसे परत करतो.’

भासरे म्हणाले, ‘पेरलेलं कोनी उकरून आनते काय? राहू द्या थे. कोनाच्या तरी डोयाले कामी येतील.’ आणि त्यांनी जाऊबाईंचा हात धरला. रस्त्यात, लोकांसमोर. पंचावन्न वर्षांच्या माणसानं बायकोचा हात धरलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यांच्या डावीकडून एक सायकल येत होती, ती जाऊबाईंना दिसली नव्हती.

आम्ही परतीच्या यष्टीत बसलो. माझ्या मनात एकच विचार, आता हे घरी गेल्यावर काय करतील. मी खोटं वाचलं होतं. भासऱ्याशी बोलले होते, तेही चुलीत टाकायची भाषा करून. माहेरी धाडतील, की शालिग्रामला बोलावून माझ्यासमोर त्यालाच झापतील? आणि खरं सांगू, मला पश्चात्ताप नव्हता. एप्रिलमध्येच का बोलले नाही, एवढाच होता.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जेवणं झाली. भासऱ्यांनी ताटावर मान वर केली नाही. मी भांडी आवरली, थेंबांची बाटली घेतली आणि जाऊबाईंना स्वयंपाकघरातल्या खाटेवर आडवं केलं. तेवढ्यात दारात सावली पडली. स्वयंपाकघराच्या आत भासरे कधी येत नसत. त्यांनी येऊन पाट ओढला आणि खाटेशी बसले. मी पदर ओढला, तो आधीच नाकापर्यंत होता.

ते भिंतीकडं पाहून बोलले नाहीत, गाय तर तिकडं गोठ्यात होती.

‘विजयमाला,’ ते म्हणाले. माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ‘थेंब कसा टाकते थे मले शिकव. तू कधी बिमार पडली, माहेरी गेली, तं हिचा एक बी चुकाले नाई पाह्यजे.’

जाऊबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मी बाटली भासऱ्यांपुढं धरली. त्यांनी हात पुढं केला. तंबाखूनं पिवळी झालेली बोटं, नखांत दिवसभराचा प्रवास.

‘आधी हात धुवा,’ मी म्हटलं. ‘साबणानं.’

भासरे उठले आणि न्हाणीकडं गेले.